बिनभोपळ्याचं वाद्य

"आत काय हाय रणभिसे? बंदूक?"

लांब पेटी दिसली की अब्बांचा हा विनोद ठरलेला. रणभिसे हसले नाहीत. त्यांनी खिशातून रुमाल काढला, आमच्या कारखान्यातली एक फरशी स्वच्छ पुसली, तिच्यावर ती काळी पेटी आडवी ठेवली आणि मग हात पँटला पुसले. एवढं सोवळं बघून मीच फिस्सकन हसले.

"हसा ताई, हसा," ते म्हणाले. "चारच दिवस झालेत घरात येऊन. बायको म्हणते, पोरगं झालं तेव्हासुद्धा एवढे हात धुतले नव्हतेत."

रणभिसे मिरजेतल्याच एका दवाखान्यात एक्स-रे काढायचे आणि रविवारी चर्चमध्ये गिटार वाजवायचे. धाकटा भाऊ जहाजावर नोकरीला. तो नुकताच सुट्टीवर येताना त्यांच्यासाठी अमेरिकेतून ही इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला होता. जन्मभर जिची चित्रं बघितली ती, असं रणभिसे म्हणाले.

"किंमत सांगू का?"

"नका सांगू," अब्बा म्हणाले. "हात कापंल."

ही गोष्ट पंचवीस वर्षांपूर्वीची. माझं वय तेव्हा सव्वीस. मिरजेत सतारी-तानपुरे करणारी घरं पुष्कळ, त्यांतलं आमचं एक लहानसं. कारखाना म्हणजे खालची एक खोली. छताला भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा, कोपऱ्यात सरसाचं भांडं, आणि माणसं दोनच, अब्बा अमीन जमादार आणि मी दिलशाद. घरात आम्ही आमचं दखनी बोलायचो, पण कारखान्यात गिऱ्हाईक असलं की अब्बा माझ्याशीही मराठीच बोलायचे. गिऱ्हाइकाला आपण काय बोलतोय ते कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

रणभिसेंनी पेटीचे खटके उघडले. आत तांबडी मखमल, आणि मखमलीत ती. गडद निळी, कडेला काळपट होत गेलेली. निळ्या रंगाखालून लाकडाच्या लाटा दिसत होत्या, आणि पेटी जरा हलवली की त्या लाटाही हलायच्या. मी पॉलिशचं काम करणारी बाई. असलं पॉलिश मी आजवर बघितलं नव्हतं, आणि मला पहिल्या झटक्याला त्या अमेरिकेतल्या माणसाचा रागच आला.

"उचलू का?" अब्बांनी विचारलं.

"उचला की चाचा. जड आहे हां."

अब्बांनी ती उचलली, मांडीवर घेतली, उलटी केली आणि पाठीवर बोटाच्या पेरानं वाजवून बघितलं. टक. परत वाजवलं, दुसऱ्या ठिकाणी. टक. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"भरीव हाय गं हे!"

"भरीवच असते," रणभिसे म्हणाले.

"आन् भोपळा?"

"भोपळा नसतो तिला."

"भोपळा न्हाई, पोकळी न्हाई, मग आवाज राहतो कुठं?"

मला हसू आलं, पण खरं तर माझ्याही मनात तेच होतं. आमच्याकडं आधी भोपळा बघतात. चांगला भोपळा मिळाला की अर्धं वाद्य झालं. बिनभोपळ्याचं वाद्य म्हणजे बिनपोटाचा माणूस.

अब्बांनी एक तार छेडली. बारीक, लांबून आल्यासारखा आवाज निघाला. रस्त्यावरून रिक्षा गेली तर तेवढ्यात तो बुडाला. अब्बा बिचारे रणभिसेंच्या तोंडाकडं बघत राहिले. एवढ्या लांबून आणलेली वस्तू, आणि हिला आवाजच नाही, हे सांगायचं कसं?

"चाचा, ती अशी नाही वाजत. वायर लावून पेटीला जोडावी लागते. ॲम्प्लिफायर. तो घरी आहे."

तारांखाली दोन काळ्या पट्ट्या होत्या. अब्बांनी समोरचा एक बारीक खिळा उचलून तिथं नेला, तर खिळा टुपकन चिकटला. साठी ओलांडलेला माणूस लहान पोरासारखा ओरडला, "लोहचुंबक!"

मग तासभर आमचं काम बंद. रणभिसे समजावून सांगत होते. तार हलली की चुंबकापाशी वीज तयार होते, ती वायरनं पेटीत जाते, आणि पेटी तिचा आवाज करते. एक्स-रेवाला माणूस, त्यांना असलं सांगायला आवडायचं. अब्बा एकेक शंका काढत होते.

"म्हणजे आवाज तारंचा आन् पेटीचा. मग लाकूड काय करतं?"

"लाकूड..." रणभिसे जरा अडखळले. "लाकूड धरून ठेवतं."

"एवढं जड लाकूड, नुसतं धरायला?"

मी मात्र दांडीवर बसवलेले शिंपल्याचे तुकडे बघत होते. सांध्यावरून नख फिरवलं, नख कुठं अडकलं नाही. मी तीनदा फिरवलं. आमच्या सतारीच्या पानाफुलांना एवढी सफाई माझ्याच्यानं कधी आली नव्हती, हे कबूल करायला मला जड गेलं.

रणभिसेंचं काम असं होतं. तारा फार उंच होत्या, दाबताना बोटं दुखायची. त्या खाली घ्यायच्या होत्या. आणि पहिली तार, सगळ्यांत बारीक, ती त्यांना जरा दबकी वाटत होती. रविवारी ईस्टर. चर्चमध्ये ते पहिल्यांदा ही गिटार वाजवणार होते. सांगलीत दोघांना विचारलं, दोघंही हात लावायला घाबरले. "म्हटलं, मिरजेत तारांची माणसं असताना मी कुठं फिरतोय?"

"उद्या गुड फ्रायडे, मी दिवसभर चर्चमध्ये. परवा दुपारनं ॲम्प्लिफायर घेऊन येतो. तिथंच वाजवून बघू." असं म्हणून ते उठले. दारापर्यंत गेले, परत आले, गिटारीकडं एकदा बघितलं आणि मग गेले.

अब्बांनी गिटार माझ्याकडं सरकवली. "हे आपलं वाद्य न्हाई. तू बघ. मला धारवाडच्या तानपुऱ्याची जवारी काढायची हाय, सोमवारी बाई न्यायला येतायत."

जवारी हा शब्द ऐकला आणि उद्या अब्बा नमाजला कधी जातील, याचा मी हिशेब मांडला. तेव्हा जवारीचं नाव निघालं की मी तो मांडायचीच.

जवारी म्हणजे काय ते सांगते. तानपुऱ्याची तार घोडीवर, म्हणजे तिच्याखालच्या हाडाच्या आडव्या ठोकळ्यावर, नुसती टेकत नाही. घोडीची पाठ कानशीनं अशी उतरती घासतात की तार वाजताना त्या पाठीला किंचित चाटत राहते. त्यातून तो झंकार निघतो. कानस जरा कमी पडली तर तार मुकी, जरा जास्त पडली तर पत्र्याचा डबा. मोजमाप काही नाही. सगळं कानावर. अब्बांचा कान म्हणजे सगळ्या गल्लीत शब्द होता.

आणि तो कान गेला होता. बोललेलं त्यांना ऐकू यायचं, फोनवरचंही कळायचं. गेले होते ते फक्त वरचे, बारीक आवाज. पण जवारी असते ती नेमकी तिथंच. झंकार ऐकू येईना, म्हणून अब्बा कानस मारत राहायचे. "हल्लीच्या तारांत दम न्हाई," म्हणायचे, आणि अजून मारायचे. त्याच्या दोन वर्षं आधी पुण्याहून एक तानपुरा परत आला. सोबतची तक्रारीची चिठ्ठी माझ्या हातात पडली हे नशीब. मी चिठ्ठी चुलीत घातली, अब्बा नमाजला गेल्यावर घोडी काढली, आणि आयुष्यात पहिल्यांदा जवारी काढली.

बाईनं जवारी काढायची नाही असं कुठं लिहिलेलं नव्हतं. पण कुणी काढतही नव्हतं. बायकांनी पॉलिश करावं, पानंफुलं चिकटवावीत, तारा चढवाव्यात. मी मात्र दहा वर्षांची असल्यापासून अब्बांच्या समोर बसून "खुलली का बघ गं" या प्रश्नाला उत्तरं देत आले होते. माझा कान त्यांनीच केलेला.

त्यानंतर प्रत्येक वाद्य कारखान्यातून जायच्या आधी माझ्या हाताखालून जायचं. अब्बा नमाजला गेले की मी कानस उचलायची, ते यायच्या आत खाली ठेवायची. अब्बांना सांगायची माझी छाती नव्हती. आमचे थोरले चुलते, बडे अब्बा, त्यांचा हात कापायला लागला होता. एका गिऱ्हाइकानं त्यांना तोंडावर सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ते कारखान्यात आले नाहीत. बाजेवर बसून राहिले, आणि वर्ष भरायच्या आत गेले. अब्बांचं तसं झालेलं मला बघायचं नव्हतं. म्हणून मी दोन वर्षं चोरी करत होते. स्वतःच्याच कारखान्यात, स्वतःच्याच बापाच्या नावानं.

असो. त्या गुरुवारी मी गिटारीच्या तारा खाली घेतल्या. प्रत्येक तारेला आपली वेगळी इवलीशी पितळी घोडी, आणि ती वरखाली करायला केसासारखे बारीक स्क्रू. रणभिसेंनी त्याची किल्ली दिली होती. फिरवायची, तार दाबून बघायची, परत फिरवायची. मजा येत होती. आमच्याकडं घोडी उंच झाली की घासा, खाली गेली की नवी करा. इथं चुकलं तर उलटं फिरवा. चूक परत घेता येते असं वाद्य मी पहिल्यांदाच बघत होते. पलीकडं अब्बा तानपुऱ्याच्या घोडीवर कानस मारत होते, आणि मला इथूनच ऐकू येत होतं की ते हद्द ओलांडून कधीच पुढं गेलेत.

शुक्रवारी अब्बा जुम्म्याच्या नमाजला गेले. तास-दीड तास तरी हातात होता. मी शटर अर्धं खाली ओढलं आणि तानपुऱ्याला बसले. अब्बांनी फार उघडून ठेवलेली पाठ पुन्हा बंद करत आणायची म्हणजे नाजूक काम. मी डावखुरी. माझी कानस डावीकडून चालते. अर्ध्या-पाऊण तासात पहिली तार बोलायला लागली, मग जोडाच्या, मग खरज. चारी तारा एकमेकींत मिसळल्या तेव्हा मी कानस गालाला लावून नुसती बसून राहिले. दोन वर्षांत एवढी गोड निघाली नव्हती.

वेळ उरला होता. गिटार समोर पडली होती.

रणभिसे म्हणाले होते, पहिली तार दबकी लागते. मी लाकडाला कान लावून ती छेडली. आवाज नीटनेटका, पण लगेच संपणारा. घोडी बघितली, तर तार एका धारेवर उभी. पितळेची सुरीसारखी धार, आणि तिच्यावर बिचारी तार टेकलेली. बसायला जागाच नाही! मला वाटलं, हेच ते. एवढी भारी वस्तू, आणि एवढी साधी गोष्ट राहून गेली? आमच्याकडं तार दबकी लागली की एकच इलाज.

आता मागं वळून बघते तेव्हा वाटतं, इलाजबिलाज काही नव्हतं. मला बघायचं होतं. भोपळा नसलेल्या लाकडात जवारी राहते की नाही, एवढंच बघायचं होतं. कानस हातात होतीच, आणि हात त्याच चालीत होता. दहा-बाराच हात मारले, धारेची जरा पाठ केली, तार परत बसवली आणि लाकडाला कान लावला.

होती! इवलीशी, पण होती. माझ्या अंगावर काटा आला. अमेरिकेतल्या त्या माणसाला आलं नव्हतं ते मला आलं, असं वाटून मी एकटीच हसले. मग शटर वर केलं, गिटार पेटीत ठेवली आणि अब्बांसाठी चहा टाकला.

शनिवारी दुपारी रणभिसे आले. एका हातात ॲम्प्लिफायर, खांद्यावर वायर. पेटी चांगली पाण्याच्या डब्याएवढी, जाळी लावलेली. त्यांनी बटण दाबलं तेव्हा ती आधी नुसती गुरगुरली. अब्बा आपल्या कोपऱ्यात एका खुंटीला खडू लावत बसले होते.

रणभिसेंनी सगळ्यांत जाड तार छेडली आणि आमचा कारखाना भरून गेला. खरंच सांगते, छताचे भोपळे हलल्यासारखे वाटले मला. एवढा मोठा, एवढा स्वच्छ आवाज, आणि तोही बोटाच्या नुसत्या धक्क्यानं! मी तोंड उघडं टाकून बघत होते. त्यांनी डाव्या हातानं तारा दाबून बघितल्या. "वा ताई! लोण्यासारख्या झाल्यात." पाचवी, चौथी, तिसरी, दुसरी. मान डोलवत ते पहिल्या तारेवर आले.

झंईंईं.

ते थांबले. परत वाजवली. झंईंईं, आणि तो झंकार लांबत लांबत भिंतीवर जाऊन बसला.

"हे काय झालं?" रणभिसेंचा चेहरा उतरला. "ताई, हे आधी नव्हतं. हे भणभणतंय."

"ही जवारी हाय," मी म्हणाले. आवाज माझाच मला चोरटा लागला. "तुम्ही दबकी म्हणालात ना? मी जरा खुलवली. आमच्यात हे चांगलं असतं."

"आमच्यात हा बिघाड असतो ताई!" ते जवळजवळ रडायलाच आले होते. "उद्या ईस्टर आहे. लोक म्हणतील, फाटकी गिटार घेऊन आला. घोडी घासलीत? अहो, ती कुठून आणायची मी आता?"

कुठलंही काम करताना मी एवढी मूर्ख झाले नव्हते. नीट करून देते म्हणणार तेवढ्यात मागून आवाज आला.

"परत वाजव."

अब्बा उठून उभे होते. हातातली खुंटी खाली पडली होती, तिच्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं.

"चाचा, ती बिघडली—"

"वाजव म्हणतो ना!"

रणभिसेंनी वाजवली. अब्बा चालत आले, ॲम्प्लिफायरच्या पुढ्यात मांडी घालून बसले आणि जाळीला कान लावला. "आन् ह्या बटणांनी काय हुतं?"

"हे जाड आवाजाचं, हे बारीक आवाजाचं."

अब्बांनी बारीक आवाजाचं बटण शेवटापर्यंत पिळलं. झंकार सुईसारखा वर आला, मला कानाला बोचला, रणभिसेंनी तोंड वाकडं केलं. आणि अब्बांचे डोळे मिटले. त्यांचा चेहरा मी दोन वर्षांत असा बघितला नव्हता. तहानलेला माणूस घागरीला तोंड लावतो तसे ते त्या पेटीला लागून बसले होते.

त्यांना ऐकू येत होतं! या अल्ला, माझ्या बापाला जवारी ऐकू येत होती! माझं काळीज असं उडालं की मी नाचायचीच राहिले. आणि पुढच्याच क्षणाला कळलं की मग आता सगळंच कळणार.

"म्हंजे," अब्बा डोळे न उघडता म्हणाले, "तारा चांगल्याच होत्या."

रणभिसेंना काही कळत नव्हतं, मला सगळं कळत होतं.

"ही कुणी काढली?"

"मी, अब्बा. चुकून."

"अशी जवारी चुकून निघत न्हाई." त्यांनी चष्मा लावला, रणभिसेंच्या मांडीवरच्या गिटारीवर वाकले आणि तार बाजूला सारून घोडीच्या पाठीवरनं अंगठ्याचं नख फिरवलं. मग उठले. धारवाडचा तानपुरा भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या घोडीवरनं तसंच नख फिरवलं, एकदा, दोनदा. "उतार डावीकडं हाय," ते म्हणाले. "परवा मी ठेवला तेव्हा सरळ हुता."

मी खाली बघत राहिले.

"किती?"

"अब्बा, रणभिसे भाऊ बसलेत..."

"बसू दे. किती वाद्यं?"

"दोन वर्षांत अकरा. हा धरून बारा."

"पुण्याच्या केळुसकरबुवांची तानपुऱ्यांची जोडी?"

मी होय म्हणून मान हलवली. दिवाळीत बुवा स्वतः मिरजेला आले होते. ह्याच खोलीत बसून म्हणाले होते, "अमीनभाई, उतारवयात हात गोड झाला हो तुमचा." त्या दिवशी अब्बांनी सगळ्या गल्लीला चहा पाजला होता. मीच केला होता तो चहा, आणि सगळ्यांबरोबर मीही प्यायले होते.

"मी लई खूश झालो हुतो गं," अब्बा म्हणाले.

एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मला रडू फुटलं. मी म्हणाले, "अब्बा, मला भीती वाटली. बडे अब्बांचं झालं तसं—" रणभिसे गिटार कवटाळून बसले होते. उठून जावं की बसावं, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

अब्बांनी नाक पुसलं. मग म्हणाले, "आधी ह्याचं काम कर. त्यांचा सण हाय उद्या."

"मी?"

"मग कोण? कानस घे. पाठ काढून टाक, परत धार कर."

मी कानस घेतली. त्यांच्यासमोर. तोवर मी कधी त्यांच्यासमोर घोडीला कानस लावली नव्हती. अब्बा ॲम्प्लिफायरला कान लावून बसले, बटणावर बोट. मी चार हात मारायची, तार बसवायची, रणभिसे वाजवायचे.

"हाय अजून," अब्बा म्हणायचे.

परत चार हात.

"हाय. कमी झाली. मागनं घे, पुढनं नको."

परत.

"किंचित हाय."

मला ती जवारी राहू द्यावीशी वाटत होती. दोन वर्षांनी त्यांना ती ऐकू आली होती आणि ते स्वतःच ती माझ्याकडनं घासून घेत होते. पण काम गिऱ्हाइकाचं होतं. मी शेवटचे दोन हात मारले. रणभिसेंनी तार छेडली. स्वच्छ, गोल, एकटा सूर निघाला.

"गेली," अब्बा म्हणाले.

रणभिसेंनी सहाही तारा वाजवून बघितल्या, वरपासून खालपर्यंत. तोंडभर हसले. "चाचा, पहिली तार दबकी लागत होती ना, ती पण सुटली की हो! धारच नीट नव्हती बहुतेक." मग त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, जाताना दारात वळून म्हणाले, "ताई, मघाशी ओरडलो, मनावर घेऊ नका." मी म्हणाले, "तुम्ही नव्हे, मी घ्यायचं मनावर." ते पेटी आणि ॲम्प्लिफायर सांभाळत रिक्षात बसले.

कारखान्यात आम्ही दोघंच राहिलो. मला वाटलं, आता अब्बा वर घरात जातील आणि बाजेवर बसतील. मी मनातल्या मनात सगळं तयार करून ठेवलं होतं, काय बोलायचं, कशा विनवण्या करायच्या.

अब्बा फोनपाशी गेले. भिंतीवर खडूनं लिहिलेल्या नंबरांतला एक बोटानं शोधला, आणि एकेक आकडा दाबत लावला.

"बुवा, मी अमीन. मिरजेहून. हां, सगळं खैरियत." मग म्हणाले, "दिवाळीला तुम्ही माझ्या हाताची तारीफ केली हुती. ती परत घ्या."

मी "अब्बा!" म्हणून पुढं झाले. त्यांनी हातानं मला जागेवर थांबवलं.

"न्हाई, थट्टा न्हाई. तो हात माझा नव्हता. माझ्या लेकीचा हुता. दिलशाद. चहा आणून दिला हुता बघा तुम्हाला, ती." पलीकडून बुवा काहीतरी बोलले असावेत. "न्हाई बुवा, मला ऐकायला येत न्हाई. बारीक आवाज गेले माझे. दोन वर्षं झाली. आज कळलं."

ज्या वाक्यासाठी मी दोन वर्षं चोरी केली, ते वाक्य त्यांनी भाजीचा भाव सांगावा तेवढ्या सहज सांगून टाकलं. त्यांचा आवाज कापला नाही.

"हां. हां. विचारतो. थांबा."

त्यांनी रिसीव्हरच्या तोंडावर हात ठेवला आणि माझ्याकडं बघितलं.

"बुवांच्या शिष्येचे दोन तानपुरे हायेत, जवारी काढायची हाय. तुला वेळ हाय का इचारतायत," अब्बा म्हणाले. "काय सांगू?"